घोडे दौडले, पटकथा लंगडली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत ऐतिहासिक चित्रपटांच्या भव्यतेचे कौतुक वाचले. दिग्दर्शनाबद्दल माझीही तक्रार नाही. नुकताच नागपुरात बर्डीवर (सीताबर्डीत) असा एक चित्रपट पाहिला (नाव घेत नाही, कारण दुखणे एकट्याचे नाही). पावसात निसरडा झालेला कडा, ओल्या दोरावरून सटकणारे हात, मशाल विझल्यावरचा मिट्ट काळोख... दिग्दर्शकाने जीव ओतला आहे. पण माणसे बोलू लागली की गाडी घसरते. रणांगणात ठीक, पण सदरेवर, तंबूत, अगदी माजघरातही जो तो टाळ्यांसाठीच बोलतो.

सर्वात खटकला पुरंदरचा तह. १६६५ साली महाराजांनी २३ किल्ले दिले, १२ राखले. पुरंदर लढवणारा मुरारबाजी पडलेला, मोगलांचा वेढा आवळत चाललेला. अशा वेळी कोणता गड सोडायचा आणि कोणता मुठीत ठेवायचा, हे तोलणारा राजा दाखवायला हवा होता. इथे निवेदकाची दोन वाक्ये आणि एक नकाशा, की झाला तह! मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंह तर निव्वळ मिशी पिळणारे खलनायक. महाराजांच्या सुरक्षिततेची हमी त्यांनीच घेतली होती आणि आग्र्यात त्यांचा मुलगा रामसिंह जामीन राहिला, याचा पटकथेत मागमूस नाही. मग आग्र्याहून सुटकेचा प्रसंग कितीही देखणा टिपला तरी त्यात धाकधूक कुठून येणार?

आपल्या नागपूरचेच घ्या. आप्पासाहेब भोसल्यांनी १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा (म्हणजे इंग्रजी फौज आपल्या खर्चाने पोसण्याचा) तह केला. नोव्हेंबर १८१७ मध्ये त्यांच्याच फौजेने सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांवर हल्ला चढवला. हरल्यावर लढाई आपल्या हुकमाविना झाली, असा पवित्रा घेतला. पुढे कैदेतून निसटून महादेवाच्या डोंगरात गेले आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. यात नायक कोण, खलनायक कोण? असा पेच हाताळायला पटकथाकाराकडे वेळ हवा आणि निर्मात्याकडे छाती. भावना दुखावतील या धास्तीने आधी पात्रांचे कंगोरेच घासले जातात. उरलेला पैसा हत्तींवर.

आपली परीक्षणेही याला थोडी जबाबदार आहेत. छायाचित्रण आणि भव्यतेवर चार तारे मिळून जातात, पटकथेची बोळवण शेवटच्या ओळीत. यापुढे पटकथेचे तारे वेगळे छापावेत, ही विनंती.

– एक वाचक, महाल, नागपूर