हिरव्या टोमॅटोची चटणी आणि बटरनटचे घारगे

न्यू जर्सी, ऑक्टोबर

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

थंडी पडली की आमच्या परसबागेचं काय होतं, असं तू विचारलंस. ऑक्टोबरच्या मध्यानंतर इथे केव्हाही पहिला फ्रॉस्ट, म्हणजे गोठलेल्या दवाचा थर, पडतो. पारा शून्याला टेकणार असं कळलं की आदल्या संध्याकाळीच टोमॅटो, मिरच्या, वांगी उतरवून घ्यायची. रात्रीतून पानं काळी पडतात, फळं पाणचट होतात.

मग घरात हिरव्या टोमॅटोंची ही रास! पिवळसर झाक आलेले कागदी पिशवीत पिकल्या केळ्याबरोबर ठेवतो. केळ्यातून सुटणाऱ्या इथिलीन या फळं पिकवणाऱ्या वायूने ते लाल होतात, पण झाडावर पिकलेल्याची चव त्यांना येत नाही. गच्च हिरवे मात्र चटणीचे, आणि मी वर्षभर त्यांचीच वाट बघतो. फोडी तेलावर टाकल्या की आधी पाणी सुटतं. ते आटून कडा खरपूस होईपर्यंत हलवत राहायचं, घाई करायची नाही. त्यातच लसूण आणि मिरच्या परतायच्या. भाजलेले तीळ, दाणे, मीठ, गुळाचा खडा घालून मिक्सर नुसता दोनदा फिरवायचा. ती भरडच हवी. वरून हिंग-मोहरीची फोडणी. ज्वारीच्या भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

केल या पालेभाजीला हात लावायची घाई नसते. थंडीत ते झाड पानांत साखर साठवतं, म्हणून फ्रॉस्टनंतर कडवटपणा उतरतो. बारीक चिरून मूगडाळ घालून कर, पालेभाजी खाणारा माणूस खूश होईल.

आणि बटरनट! आपल्या तांबड्या भोपळ्याच्याच जातकुळीतला. देठासकट काढून आठवडाभर उबदार, कोरड्या जागी ठेवला की साल कडक होते आणि तो महिनोन्‌महिने टिकतो. गर गोड, रेषा जवळजवळ नाहीतच. किसून गुळात शिजवायचा, गूळ नेहमीपेक्षा कमी. गार झाल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक, कडकडीत मोहन, जायफळ. पाणी अजिबात नको. खसखस लावून थापायचे आणि मंद आचेवर तळायचे. दिवाळीच्या फराळात आमच्याकडे घारगे असतातच.

वहिनी घारग्यांत रवा घालतात की तांदळाची पिठी, तेवढं विचारून कळव. अजून तीन भोपळे शिल्लक आहेत.

तुझा,
विजय