काकू, तुम्ही पाट उचलून समोर बसलात

काकू,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव इथं घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. बेळगावच्या वडगाव-शहापुरातल्या तुमच्याकडे ब्लाउज टाकणाऱ्या बायका वाचून ओळखतीलच. पोरांना हातशिवण शिकवलीत, त्यासाठी हे पत्र.

आधी राग ओकून टाकते, मग आभार. ते दुसरं शिवण-शिबिर, पैसे मोजून घेतलेलं. पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या हातात सॅटिनचे तुकडे आणि बारीक सुया. सॅटिन बोटांतून सटकतं, कडेचे धागे सुटत जातात, टाका जरा ओढला की चुण्या पडतात. प्रदर्शनात मांडलेल्या पर्सा शेवटी ताईंनीच मशीनवर मारलेल्या. आणि माझ्या डावखुऱ्या पोरीला सांगणं काय, तर "सुई उजव्या हातात धर, नाहीतर जमायचं नाही."

तुम्ही मात्र अस्तराचे तुकडे काढलेत. ब्लाउजचं सुती अस्तर, पाण्यातून काढून वाळवलेलं. मऊ असतं, जागचं हलत नाही, सुई विनासायास जाते. खणाचा तुकडा एका पोरीनं मागितला तर तो हातात देऊन कड ओढून दाखवलीत, धागे कसे निघतात ते, आणि "हे पुढच्या वर्षी" म्हणालात. सगळ्यात लहान दोघांना तर सुईच नाही. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा, त्याला दीड-दीड सेंटीमीटरवर पंचनं भोकं आणि बुटाची नाडी. वर-खाली, वर-खाली. हाताला ती लय बसली की धावदोरा निम्मा आलाच.

दोऱ्याचं तुमचं माप आता घराघरात चालतं. दोरा दुहेरी, दोन्ही टोकांना मिळून एक गाठ, म्हणजे ओढताना सुई निसटत नाही. दुहेरी केल्यावर लांबी पोराच्या बोटापासून कोपरापर्यंत, फार तर थोडी जास्त. लांब दोरा घेतला की एका टाक्याला पोर उभं राहतं, दोऱ्याला पीळ बसतो आणि मग गुंता. पीळ बसलाच तर कापड उचलून सुई लोंबकळत सोडायची, ती स्वतः गरगर फिरून पीळ काढते. बोथट सुईबद्दलही तुमचंच खरं: मॅटीच्या विरळ विणीच्या कापडात, गोणपाटात ती छान जाते, पण अस्तरात अडते, पोर जोर लावतं आणि ती नको तिथं घुसते. सहा वर्षांपुढं जाड, आखूड, टोकाची सुईच बरी. फक्त बसताना मोजून द्यायच्या, उठताना मोजून घ्यायच्या.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. लेकीनं डाव्या हातात सुई धरली. तुम्ही तिच्या शेजारी होता. काही न बोलता पाट उचललात आणि तिच्या समोर जाऊन बसलात. एवढंच केलंत. शेजारी बसून उजव्या हातानं शिवणाऱ्याचं बघताना डावखुऱ्या पोराला प्रत्येक टाका मनातल्या मनात उलटा करावा लागतो. समोर बसलं की आरशात बघितल्यासारखं होतं: तुमचा उजवा हात तिच्या डाव्या हातासमोर, तुमची शिवण जिकडं सरकते तिकडंच तिची. कापड मात्र तुम्ही कापून दिलंत, कारण नेहमीची कात्री डाव्या हातात घेतली की पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापड मध्ये दुमडून चावलं जातं. पोराला वाटतं कात्री बोथट, मोठ्यांना वाटतं पोर बावळट. तुम्हाला कारण ठाऊक होतं आणि ते तुम्ही मिरवलंही नाहीत.

तिचे टाके वाकडे गेले तेव्हा उसवलेही नाहीत. खडूनं सेंटीमीटरभर अंतरानं ठिपके मारलेत, दुसऱ्या रंगाचा दोरा दिलात, "ह्याच्या शेजारनं अजून एक ओळ काढ की." बाजूच्या कन्नड पोराला तेच "निधान, निधान" (सावकाश, सावकाश) करत. भाषेवरनं आपल्याकडं काय काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या पाटासमोर मात्र तो विषय कधी निघाला नाही. अशी माणसं गल्लीगल्लीत असतात आणि त्यांचा बोर्ड कुठं लागत नाही.

नाडीची पिशवी आता ती एकटी करते. वीस बाय पन्नास सेंटीमीटरची पट्टी, दोन्ही आखूड कडांना नाडी ओवायला तीन-तीन सेंटीमीटरचा नेफा, मग उलटी दुमडून बाजू शिवायच्या, दर चार टाक्यांनी एक उलट टाका. शिवण नेफ्याच्या खाली थांबवायची, हे तुम्ही तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत. वरपर्यंत शिवली की नेफ्याचं तोंड बंद, नाडी जाणार कुठून! साठ सेंटीमीटर नाडी, टोकाला सेफ्टी पिन, की झालं.

आता तिला टाकायच्या-झेलायच्या थैल्या करायच्या आहेत. बारा सेंटीमीटरचे दोन चौकोन, शिवणीसाठी कडेला सेंटीमीटरभर माया, उलटवायला चार सेंटीमीटरची फट, हे तिला पाठ आहे. भरायला तांदूळ घेऊ म्हणत होती. मीच चिंचोके सांगितले, पोरांच्या अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरच्या टाक्यांतून तांदूळ गळतात. थैली दोन-तृतीयांशच भरायची, ठासली तर शिवण उकलते, हेही सांगून ठेवलंय. किलोभर चिंचोके वाळवून, किडके निवडून डब्यात भरलेत. दिवाळीच्या सुट्टीत, ब्लाउजांची घाई ओसरली की, आलं तर चालेल का?

तुमची,
डावखुऱ्या पोरीची आई