लंबासाच्या आजींबद्दल

ड्रेपर, युटा
रविवार, रात्री

चि. ओंकारास अनेक उत्तम आशीर्वाद.

आज दुपारी चारला तुझा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तिकडे फिजीत सोमवारची सकाळ होती. नेहमीप्रमाणे चाळीस मिनिटं आई बोलली आणि शेवटची दोन मी. ‘पैसे आहेत ना, पाय बरे आहेत ना’ एवढं विचारून मी फोन तिच्याकडे परत दिला. समोरासमोर मला बोलता येत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून लिहितोय, आणि मराठीतच लिहितोय, कारण इंग्रजीत लिहायला लागलो की मी ऑफिसातला होतो. रविवारच्या मराठी शाळेत रडत रडत बाराखडी शिकलास, ती आज वसूल होऊ दे. वाचायला वेळ लागला तर लागू दे, आज तुमचा कपडे धुवायचा दिवस आहे.

आधी इकडचं सांगतो. तुझ्या चर्चच्या, म्हणजे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सच्या, इथल्या वॉर्डच्या (स्थानिक मंडळाच्या) बिशपांनी परवा आपल्या ड्राइव्हवेतला बर्फ न सांगता काढून टाकला. शेजारच्या काकू ब्रेड घेऊन आल्या. त्यांचा थोरला 1990च्या दशकात तुझ्यासारखाच मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला गेला होता, तेव्हा वर्षातून फक्त दोन फोन असत, ख्रिसमसला आणि मदर्स डेला. बाकी सगळी पत्रं. दर आठवड्याला फोन करायची मुभा 2019मध्ये मिळाली. ‘तुम्ही नशीबवान,’ असं त्या आईला म्हणाल्या. आईने मान डोलावली आणि त्या गेल्यावर मला म्हणाली, ‘प्रोव्होला ट्रेनिंगला होता तेव्हा अर्ध्या तासाच्या रस्त्यावर होता, तरी भेटायची सोय नव्हती. म्हणे नशीबवान!’

तुझ्या मिशनचे महिन्याचे 500 डॉलर मी वेळेवर भरतोय. वॉर्डातून मदत करू म्हणाले होते, तेव्हा मला रागच आला होता. माझा मुलगा मला न पटणाऱ्या कामाला गेला असला, तरी त्याच्या जेवणाचे पैसे मीच देणार. यात तर्क नाही, मला माहीत आहे.

चहा तू सोडलास ते सोडलासच, पण जायच्या दिवशी सकाळी माझा चहा तूच केलास. आलं किसून, दूध उतू जाईपर्यंत शेजारी उभा राहून, स्वतः एक घोटही न घेता. तुमच्या चर्चचा 1833 सालचा चहा न पिण्याचा नियम माझ्या स्वयंपाकघरात पाळला जाईल असं पुण्याहून निघताना मला कुणी सांगितलं असतं, तर मी हसलो असतो. आई हल्ली चहापत्ती न घालता नुसता गवती चहा उकळते आणि ‘ओंकारला हा चालेल’ म्हणते. महिन्याच्या पहिल्या रविवारी तुम्ही पाण्याशिवाय दोन जेवणं सोडता, त्याचा मात्र तिला आदर वाटतो. आमच्याकडे एकादशी आणि दुप्पट खाशी.

फिजीला उतरलास ते नादीला. आई म्हणाली, ‘नावच बघा गावाचं!’ मग तूच सांगितलंस की लिहायचं नादी आणि म्हणायचं नांदी. तसंच लाबासा लिहून लंबासा. तुझा पहिला फोटो आला, पांढरा शर्ट, टाय, काळी नेमप्लेट आणि खाली पँटऐवजी सुलू. तुझे आजोबा असते तर म्हणाले असते, लुंगी नेसायला एवढ्या लांब कशाला जायचं? नेमप्लेटवर ‘एल्डर जोगळेकर’. वीस वर्षांच्या पोराला एल्डर म्हणजे वडीलधारा म्हणायचं, याची मला अजून सवय झालेली नाही. मिशनवर जोडीला दिलेल्या तुझ्या त्या टोंगन कंपॅनियनला आई ‘जोडीदार’ म्हणायला तयार नाही, ‘तुझा सोबती’ म्हणते. बाथरूम सोडून चोवीस तास नजरेच्या टप्प्यात राहायचं म्हणजे लग्नापेक्षा कठीण, हे माझं मत.

आता मुद्द्याचं.

दर सोमवारी तू सगळ्यांना जे एकच पत्र पाठवतोस, ते मी ऑफिसमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचतो. त्यात दर आठवड्याला चमत्कार असतो. पाऊस थांबतो, बस मिळते, कुणीतरी तुमचं धर्मपुस्तक वाचायला घेतं. साडेसहाला उठून, अभ्यास करून, दिवसभर उसाच्या शेतांतून चालून रात्री साडेदहाला झोपणाऱ्या मुलाला आठवड्यात एकदाही कंटाळा येत नाही? कुणी दार आपटत नाही? आज कॉलवर तुझ्या डाव्या टाचेला पट्टी दिसली. पत्रात टाच नव्हती.

मागच्या पत्रात एक ओळ होती: एका वयस्क हिंदू बाईंना भेटलो, फार प्रेमळ आहेत, पण अजून तयार नाहीत. आज आईशी बोलता बोलता त्याच बाईंची हकिकत तू सांगितलीस. मी तेव्हा पेपर वाचत होतो असं तुला वाटलं असेल. मी ऐकत होतो.

अंगणात बांबूवर लाल झेंडा. आजींनी तुम्हाला ओट्यावर बसवलं, गरम रोटी आणि वांग्याची भाजी वाढली. तुझ्या तोंडाकडे बघून विचारलं, ‘तुमार माई-बाप मंदिर जावे?’ तू हो म्हणालास. मग त्यांनी विचारलं, ‘तो तुम काहे छोड़ दिया?’ आणि तू आईला म्हणालास, ‘मला काही सुचलंच नाही गं.’

ओंकार, हे पत्रात का नव्हतं? त्या बाई कशाला तयार नाहीत? त्यांनी तुला सरळ प्रश्न विचारला. उत्तर द्यायला तयार तू नव्हतास. मग ‘अजून तयार नाहीत’ हे त्यांच्या नावावर कसं चढलं?

मला हे लागलं, कारण मला वाटलं की एखाद्या कागदावर आमच्या नावापुढेही हेच शब्द असतील. आई-वडील, प्रेमळ, अजून तयार नाहीत.

मी तुझ्या श्रद्धेची चेष्टा करत नाहीये. 2018 साली तुमच्या अध्यक्षांनी ‘मॉर्मन’ म्हणू नका, चर्चचं पूर्ण नाव घ्या असं सांगितलं, ते तू मला कैकदा ऐकवलंस आणि मी आता चुकत नाही. तू हायस्कूलमध्ये एक तास बाहेर पडून शेजारच्या इमारतीत सेमिनरीला, म्हणजे चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला जायचास, तेव्हाही मी अडवलं नाही. बाप्तिस्म्याच्या दिवशी आलो, मागच्या खुर्चीवर बसलो. 2009मध्ये टेकडीवरचं ड्रेपर टेंपल बांधून झालं, तेव्हा अर्पणविधीच्या आधी काही आठवडे ते सगळ्यांना खुलं होतं. बुटांवर पांढरी पिशवी चढवून, तुला कडेवर घेऊन मी आत हिंडलो होतो. तू झुंबराकडे बोट दाखवून ‘देवाचा दिवा’ म्हणालास. पंधरा वर्षांनी मिशनवर जाण्याआधी तू त्याच दारातून आत गेलास, आणि आम्ही दोघं पार्किंगमध्ये गाडीत बसलो, कारण आता सभासदांशिवाय कुणाला प्रवेश नाही. आईने डब्यातले लाडू काढले. दोघांनीही खाल्ले नाहीत. तू बाहेर आलास तेव्हा चेहरा असा होता की मी काही विचारलं नाही. तुला आत काहीतरी मिळालंय, एवढं मला दिसलं. ते मी नाकारत नाही.

मध्यंतरी मला एक मजेशीर गोष्ट सापडली. 1852मध्ये तुमच्या चर्चचा ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यालाही गेला. म्हणजे आपल्याच गावात. हाती फार थोडी माणसं लागली आणि काही वर्षांत ते मिशन बंद पडलं. तेव्हापासून मी कल्पना करतोय की पेठेतल्या एखाद्या वाड्याच्या ओसरीवर तो गृहस्थ बसलाय आणि आपली कुणी खापरपणजी त्याला विचारतेय, ‘काय रे बाबा, तुझी आई कुठे आहे?’ त्याने घरी काय लिहिलं असेल, कोण जाणे.

तुझ्या त्या आजींच्या घराण्यात असा प्रश्न विचारायचा हक्क कष्टाने आलाय. 1879 ते 1916 या काळात हिंदुस्थानातून सुमारे 60 हजार माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर बांधून फिजीला नेली, ऊस तोडायला. जात, गाव, भाषेचे तुकडे झाले. उरलं ते काय, तर रामायण, रोटी आणि अंगणातला झेंडा. ज्यांनी एवढं हरवूनही ते सोडलं नाही, त्यांना सगळं असून सोडणारा मुलगा दिसला, तर त्या विचारणारच. टोमणा म्हणून नाही. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असेल. मलाही घ्यायचंय. पाच वर्षांत मी हा प्रश्न तुला विचारू शकलो नाही आणि त्या बाईंनी पाचव्या मिनिटाला विचारला.

तुला तिथून परत ये असं मी म्हणणार नाही. दोन वर्षं म्हणालास, दोन वर्षं पुरी कर. अर्धवट सोडून आलेला मुलगा मला जास्त अनोळखी वाटेल. फक्त सगळ्यांना जाणारं ते पत्र मला पाठवू नकोस, किंवा पाठव आणि खाली चार ओळी वेगळ्या लिही. टाच, पोट, रागावलेला सोबती, ज्या दिवशी देव आठवला नाही तो दिवस.

लोणचं पाठवायचं आईच्या मनात होतं, पण तिकडे बाहेरच्या खाण्यापिण्याची तपासणी कडक आहे म्हणे, म्हणून जाड मोज्यांचे सहा जोड पाठवतोय. सुलूखाली सँडल घालतोस ते दिसलं, पण पायांना विश्रांती द्यायच्या दिवशी घाल.

पुन्हा आजींकडे गेलात तर त्यांचे आजा-पणजा कुठल्या जिल्ह्यातून निघाले होते, तेवढं विचारून ठेव. रोटी दोनच घे, तिसरीचा आग्रह होईल. आणि त्यांनी तोच प्रश्न परत विचारला, तर जे सांगशील ते मला लिही. सुचलं नाही, तर तसं लिही.

आईने खाली दोन ओळी लिहायला जागा ठेव म्हणून सांगितलंय, म्हणून थांबतो.

तुझा,
बाबा