परसदारी तळं असलेल्या घरी जाण्यापूर्वी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांनी विमा कुठला काढावा, औषधं किती न्यावीत, विमानतळावर काय उत्तरं द्यावीत, याबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून येतं. मला त्याचा उपयोगही झाला. पण तिकडे गेल्यावर माझ्या नातवाच्या जिवावर जे बेतलं, त्याबद्दल मला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. ते इतरांना कळावं म्हणून लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, तरी शक्यतो पूर्ण छापावं, ही विनंती.

मी सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत 31 वर्षं शिकवून निवृत्त झाले. मुलगी आणि जावई अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात, टॅम्पाच्या दक्षिणेला मॅनेटी काउंटीत (काउंटी म्हणजे तिकडचा जिल्हा) राहतात. दोघंही नोकरी करणारे, म्हणून गेल्या वर्षी एप्रिलच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत नातवाला सांभाळायला मी तिकडे होते. तेव्हा तो अडीच वर्षांचा होता.

त्यांचं घर एका बंदिस्त वसाहतीत आहे. फाटकावर रात्रंदिवस माणूस असतो. पाहुण्याच्या गाडीचा नंबर टिपून, घरी फोन करूनच आत सोडतात. आत मध्यभागी अठरा होलचं गोल्फचं मैदान आणि जिकडेतिकडे तळी. लेकीच्या घरामागे बारीक जाळी लावलेली पडवी आहे, तिला तिकडे लनाई म्हणतात. तिचं दार उघडलं की हिरवळ, आणि ती उतरत उतरत थेट पाण्याला टेकते. दारापासून पाणी बावीस पावलांवर. मी मोजलं आहे. तळ्याच्या पलीकडे लगेच खेळाचं मैदान. उजाडायच्या आत दिवे लावून गवत कापायची यंत्रं फिरू लागतात, मग छोट्या गाड्यांतून खेळणारी माणसं येतात. चेंडू भलतीकडे गेला की ती 'फोर!' म्हणून ओरडतात, म्हणजे कुणी मध्ये असेल तर त्यानं डोकं सांभाळावं. आमच्या मागच्या अंगणात आठवड्याला पाच-सहा चेंडू सापडत. नातू ते बादलीत जमवायचा. पहिले चार दिवस त्या आरोळीनं मी दचकत होते, मग कानाला सवय झाली. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे ही सवयच आड आली.

नदीकाठच्या माणसाला दारात पाणी दिसलं की बरं वाटतं. आमचा भिलवडीचा घाट मोठा, पलीकडच्या काठाला औदुंबर. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा बांधून आम्ही कृष्णेत पोहायला शिकलो. त्या कृष्णेत मगरी आहेत, आणि औदुंबर, भिलवडी, डिग्रज या पट्ट्यात मगरीनं माणूस ओढून नेल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. आता आमच्याकडे नदीत पाय घालण्याआधी माणूस आधी पाणी बघतो. हे सगळं माहीत असूनही मी चुकले. मगरीचं पाणी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे गढूळ डोह येतो, काठाला चिखल, वाकलेल्या बाभळी. इथे गालिच्यासारखी कापलेली हिरवळ, तळ्यात कारंजं, फाटकावर पहारा. इथे तसलं काही असेल हे मनाला शिवलंच नाही.

सकाळी आंघोळ-पूजा झाली की मी रात्रीची शिळी पोळी घेऊन नातवाला काठावर न्यायची. तुकडा टाकला की मानेवर पिवळे पट्टे असलेली दहा-बारा कासवं डोकी वर काढून यायची. तो टाळ्या पिटायचा. माझा हात धरून स्वतः तुकडे टाकायला शिकला. सुरुवातीला दोन वेळा मी निर्माल्यही त्याच पाण्यात सोडलं. आठवड्याभरात रहिवासी संघाचं पत्र आलं, सोबत तरंगणाऱ्या झेंडूचा फोटो. मला वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं नव्हतं.

मेच्या शेवटी शेजारच्या बाई कुत्र्याला फिरवत असताना थांबल्या. त्या निवृत्त परिचारिका. मी पोळी टाकत होते. त्यांनी माझा दंड धरला आणि बोटानं दाखवलं. कारंज्याच्या डावीकडे एक ओंडका होता, तो मी आदल्या दिवशीही पाहिला होता. नीट पाहिलं तेव्हा त्याला पुढे दोन उंचवटे आणि मागे दोन उंचवटे दिसले. पुढच्या नाकपुड्या, मागचे डोळे. बाईंनी दोन हातांत अंतर धरून खुणेनं समजावलं, की नाकपुड्यांपासून डोळ्यांपर्यंत जितके इंच, अंदाजे तितके फूट तिची लांबी. ते अंतर माझ्या वितीएवढं भरलं असतं.

संध्याकाळी लेकीनं सगळं उलगडून सांगितलं. ती अ‍ॅलिगेटर, मगरीच्याच कुळातली, तोंड आपल्या मगरीपेक्षा रुंद. फ्लोरिडात अशा सुमारे 13 लाख आहेत असा तिथल्या वन्यजीव खात्याचा अंदाज आहे, आणि राज्यात एकही काउंटी त्यांच्याविना नाही. एप्रिलपासून त्यांचा जोडीचा काळ सुरू होतो. त्या दिवसांत नर एका तळ्यातून निघून गवतावरून चालत दुसऱ्या तळ्यात जातात. त्यांना फाटक लागत नाही. अ‍ॅलिगेटरला खायला घालणं तिथे कायद्यानं गुन्हा आहे. मी घालत होते कासवांना, पण कासवं जमतात तिथे ती येते, आणि काठावर माणूस दिसला की खाणं मिळतं हे शिकते. त्या दिवसापासून मी पोळी नेणं सोडलं. नातवाला मात्र ते सोडायला सांगून कळणार नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यातला मंगळवार. लेक वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, जावई कामावर. मी वरण-भाताचा कुकर लावलेला, धुराचा पंखा चालू. नातू पाठीमागे जमिनीवर चेंडूंची बादली घेऊन बसलेला. पुढच्या दाराला कडी होती. मागचं काचेचं सरकतं दार आम्ही नुसतं ओढून घेत असू. बाहेरून 'हे!' अशी आरोळी आली. मला वाटलं, चेंडू गेला असेल. मी फोडणीत मोहरी टाकली. दुसरी आरोळी आली ती लांबलेली, आणि दोन माणसांची. मी मागे वळले. बादली होती, नातू नव्हता. दार वीतभर उघडं होतं.

पळत पडवीत आले. पलीकडच्या काठावर दोन वयस्क गृहस्थ काठ्या टाकून, दोन्ही हात हलवत ओरडत होते. नातू घोटाभर पाण्यात उभा होता आणि त्याच्या हातात सकाळच्या न्याहारीतला पोळीचा तुकडा होता. तो अगदी माझ्यासारखा, खालून हात उचलून, तुकडा टाकत होता. बावीस पावलं मी कशी गेले, आठवत नाही. पाण्यात पाय घातला आणि घसरले. खाली वाळू नाही, दगड नाही, शेवाळाचा बुळबुळीत थर आणि एकदम उतार. गुडघ्यापर्यंत पाणी दोन पावलांत आलं. त्याला बगलेत धरून मी हातापायांवर काठाला आले. त्या वेळी अ‍ॅलिगेटर कुठे होती, मला माहीत नाही. मी पाण्याकडे पाहिलंच नाही. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

लेक मला एक शब्दही बोलली नाही. रात्री तिनं मुलाला जवळ घेऊन माझ्याच खोलीत अंथरूण घातलं.

नंतर जावयांनी मला या तळ्यांची हकीकत सांगितली, ती प्रत्येक आजी-आजोबांना ठाऊक असावी असं मला वाटतं. ही तळी देवानं दिलेली नाहीत, खणलेली आहेत. जमीन सपाट आणि सखल, पावसाळा जून ते सप्टेंबर आणि जोराचा. म्हणून खड्डे खणायचे, त्या मातीवर घरांची जोती उंच करायची आणि खड्ड्यांत रस्त्यांचं, छपरांचं, हिरवळींचं पाणी साठवायचं. 1980 च्या दशकापासून तिथे पावसाचं पाणी असं अडवूनच बांधकाम करावं लागतं. तळी एकमेकांना नळांनी जोडलेली असतात. काठ आधी सावकाश उतरतो, मग पाण्याखाली एकदम उभा होतो. आपल्या घाटासारखी पायरी नाही की धरायला साखळी नाही. पाण्यात लॉनची खतं आणि औषधं उतरतात, म्हणून जून ते सप्टेंबर त्या काउंटीत हिरवळीला नत्र-स्फुरदाची खतं घालायला बंदी आहे. ज्या पाण्यात मी देवाची फुलं सोडली ते पाणी हे. पुढे श्रावणात निर्माल्य मी कुंडीतल्या मातीत मिसळत होते, त्यावर तुळस छान वाढली.

अमेरिकेत एक ते चार वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं सर्वांत मोठं कारण बुडणं हे आहे. आजार नव्हे, गाडीचा अपघातही नव्हे. हे वाचल्यावर मी दोन रात्री झोपले नाही. फ्लोरिडात 2000 सालच्या कायद्यानं घराच्या नव्या पोहण्याच्या हौदाला कुंपण, झाकण, दाराला भोंगा अशांपैकी निदान एक सोय सक्तीची केली. दारातल्या तळ्याला अशी सक्ती नाही. वसाहतीच्या नियमांत उलट तळ्याकडची बाजू शक्यतो मोकळी ठेवायची, कारण सगळ्यांना पाणी आणि मैदान दिसलं पाहिजे. जावयांनी कुंपणासाठी अर्ज केला. चार फुटी काळं अ‍ॅल्युमिनियमचं, आरपार दिसणारं कुंपण मंजूर व्हायला नऊ आठवडे लागले. एका लहान मुलाच्या घराला नऊ आठवडे हा फार मोठा काळ आहे. हे मी तिथल्या सभेतही, मुलीला दुभाषी करून, उभं राहून सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि दोघी तरुण आया नंतर येऊन मला भेटल्या.

त्या अ‍ॅलिगेटरचंही सांगायला हवं. वन्यजीव खात्याच्या फोननंबरवर तक्रार गेली. चार फुटांहून मोठी आणि माणसाला धोका वाटणारी असेल तर ते परवानाधारक माणूस पाठवतात. तो आला, गळ टाकून तिला काठाला ओढलं, जबड्याला चिकटपट्टी गुंडाळली आणि गाडीत घातली. सात फूट भरली. मी विचारलं, कुठे सोडणार? लेक गप्प राहिली, मग म्हणाली, आई, सोडत नाहीत, सोडली तर परत येते. मारतात. ती काठाला यायला शिकली त्यात माझ्या पोळीचा वाटा होता, हे माझ्या मनातून गेलेलं नाही.

म्हणून जी माणसं तिकडे निघाली आहेत त्यांना कळकळीचं सांगणं. तिकीट काढताना मुलांना विचारा की घरामागे काय आहे. तळं असेल तर तुम्ही पोचण्याआधी सरकत्या दाराला वरच्या बाजूला, मुलाचा हात पोचणार नाही तिथे, कडी बसवायला लावा. दार उघडलं की वाजणारा छोटा भोंगा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो आमच्याकडे आता तिन्ही दारांना आहे. स्वयंपाक करताना मूल दुसऱ्या मोठ्या माणसाच्या ताब्यात द्या, आणि 'आता तुझ्याकडे' असं तोंडानं बोला. आमच्याकडे त्या दिवशी लेकीला वाटत होतं माझं लक्ष आहे, मला वाटत होतं तो पाठीमागेच आहे. मूल दिसेनासं झालं तर खोल्या, कपाटं नंतर. आधी पाण्याकडे धावा. पाण्याच्या कडेला काहीही टाकू नका, पोळी नाही, तांदूळ नाही. तिथे लाल टाळूचे उंच क्रौंच पक्षी जोडीनं रस्त्यावर फिरतात, त्यांना बघून हात दाण्याच्या डब्याकडे जातो, पण त्यांनाही खायला घालायला बंदी आहे. जांभळ्या झाकणाच्या नळातून हिरवळीला येणारं पाणी सांडपाणी शुद्ध केलेलं असतं. मुलाला त्या फवाऱ्यात तोंड उघडून नाचू देऊ नका. आणि बाहेरून कुणी ओरडलं, तर ते खेळापायी असेल असं समजू नका. हातातलं टाकून बघा.

संध्याकाळी क्लबहाउसजवळच्या बाकावर आम्ही पाच-सहा आज्या जमत असू, दोघी तेलुगू, एक गुजराती, एक पंजाबी. त्यांना मी हे सगळं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. तेलुगू आजींच्या घरी दारात खुर्ची आडवी लावून ठेवत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलानं कडी बसवली.

पुण्याच्या आसपासही आता तळ्याकाठची, गोल्फच्या मैदानाभोवतीची संकुलं झाली आहेत. माझा धाकटा मुलगा घर बघतो आहे. मी त्याला म्हटलं आहे, बाल्कनीतून काय दिसतं ते विक्री करणारा माणूस दाखवेलच, तू खाली उतरून काठाला कठडा आहे का ते बघ.

या एप्रिलमध्ये मी पुन्हा जाते आहे. नातू पोहायला शिकतो आहे, पाठीवर तरंगायला येतं, व्हिडिओ कॉलवर गादीवर झोपून दाखवतो. आमच्या लहानपणी नदीकाठच्या घरांत रांगत्या-चालत्या मुलाच्या पायात घुंगरांचे वाळे घालत. आई चुलीपुढून न उठता सांगायची, पोर ओसरीवर आहे की अंगणात. गावातल्या सोनाराकडून तसे जोडवाळे करून घेतले आहेत. वाजवून बघितले, पंखा चालू असतानाही स्वयंपाकघरातून ऐकू येतात.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
भिलवडी, ता. पलूस, जि. सांगली