अंगणवाडीतल्या लेकरांसाठी पुस्तकं आणि रंग हवेत : गावकऱ्यांना आवाहन

समस्त गावकरी मंडळी, तसेच नोकरीधंद्यासाठी नागपूर, पुणे, मुंबईकडे गेलेली आपली माणसं, सर्वांना नमस्कार.

दसऱ्याच्या सुमारास आपल्या यवतमाळ जिल्ह्यात दिवसा घरी माणूस सापडत नाही. सोयाबीन काढणीला आलेलं असतं, पाठोपाठ कापूस फुटतो. मायबाप सकाळीच वावरात जातात आणि तीन ते सहा वर्षांची लेकरं अंगणवाडीत येतात. या दिवसांत त्यांना नुसतं सांभाळून बसवायचं नाही, असं ग्रामपंचायत आणि अंगणवाडीच्या मातांनी मिळून ठरवलं आहे. घटस्थापनेपासून कोजागिरीपर्यंत दोन्ही अंगणवाड्यांत शरद ऋतूवर वाचनाचे आणि चित्रकलेचे उपक्रम घेणार आहोत.

बाजारात मिळणाऱ्या तक्त्यांवर शरद म्हणजे लालपिवळी झडलेली पानं. आपल्याकडे सागाची अन् पळसाची पानं झडतात ती उन्हाळा जवळ आल्यावर. आपल्या लेकरांना शरदात दिसतं ते नाल्याकाठचं पांढरं कास, दारातला झेंडू, फुटलेलं बोंड, वावरातलं सीतादही म्हणजे कापूस वेचायला सुरुवात करतानाची पूजा, भुलाबाईपुढे ज्वारीच्या धांड्यांचा मंडप. तेच त्यांच्या चित्रात यावं, असा आमचा आग्रह आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा त्यांनीही परिसरात मिळणाऱ्या वस्तूंतूनच शिकवलं.

एक उपक्रम सांगतो. आपट्याचं पान उलटं ठेवायचं, म्हणजे शिरा वर येतात. त्यावर पातळ कागद ठेवून मेणखडू आडवा धरून घासायचा. आधी पानाच्या दोन पाकळ्यांची कड उमटते, मग देठापासून पसरत गेलेल्या शिरा एकेक करून दिसू लागतात. लेकरू कागद उचलून पुन्हा पान बघतं, बोटानं शिरा मोजतं. पेन्सिल धरायच्या आधी बोटांत जोर यायला हे काम फार चांगलं. भेंडीच्या चकत्यांचे ठसे, कापूस चिकटवून ढग, झेंडूच्या पाकळ्यांचं तोरण हेही करू. बारीक बिया मात्र सेविकाताई समोर असतानाच द्यायच्या. लहान लेकरं त्या नाकात घालतात.

वाचनाचं जास्त अडतं. सेविकाताई रोज एक चित्रगोष्ट मोठ्यानं वाचणार आणि तीच दोनतीन दिवस पुन्हा वाचणार, कारण तिसऱ्या दिवशी पान उलटायच्या आत लेकरंच पुढचं सांगतात. पण आत्ता अंगणवाडीत धड पुस्तकं नाहीत. जी आहेत त्यांची पानं सुटली आहेत. पोडावरच्या, म्हणजे कोलाम वस्तीवरच्या, लेकरांची घरची भाषा कोलामी, त्यांना पुस्तकातली मराठी लगेच उमगत नाही. म्हणून पोडावरच्या आज्यांना हात जोडून विनंती : एक दिवस या, आणि तीच गोष्ट तुमच्या बोलीत सांगा. चित्रं आम्ही धरून उभे राहू.

आम्हाला मोठी चित्रं आणि थोडा मजकूर असलेली ४० मराठी पुस्तकं हवी आहेत. वापरलेली चालतील, पानं शाबूत असावीत. जुनी पाठ्यपुस्तकं कृपया देऊ नका. जाड मेणखडूंचे ३० डबे, पातळ कोरा कागद, रंगीत कार्डशीट, डिंकाच्या बाटल्या आणि बसायला चार सतरंज्याही लागतील. पाठकोरे कागद असतील तर तेही ठेवून द्या. बाहेरगावच्या मंडळींनी दिवाळीची वाट न पाहता गावाकडे येणाऱ्या कुणाहाती सामान पाठवलं तर वेळेत मिळेल.

सामान ग्रामपंचायत कार्यालयात किंवा सेविकाताईंकडे घटस्थापनेच्या आठ दिवस आधी पोचवावं. रोख रक्कम फक्त ग्रामपंचायतीत, पावती घेऊनच द्यावी. जमाखर्च कार्यालयाच्या फलकावर लावला जाईल आणि उरलेलं सामान दोन्ही अंगणवाड्यांत सारखं वाटलं जाईल.

आपले,
सरपंच, ग्रामपंचायत सदस्य व अंगणवाडीतल्या मुलांच्या माता