बोगद्यांच्या आणि दादऱ्यांच्या भिंती चित्रांसाठी राखाव्यात

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पायी निघालेला माणूस सावली शोधत चालतो. शहरात सलग सावली मिळते ती रेल्वेखालच्या बोगद्यात, स्थानकाच्या छप्पर असलेल्या दादऱ्यावर, म्हणजे पादचारी पुलावर, आणि व्यापारी संकुलांच्या लांबलचक व्हरांड्यांत. शाळकरी मुले, डोक्यावर पाटी घेतलेल्या भाजीवाल्या, चाकरमाने आणि गाडी गाठणारे प्रवासी रोज याच वाटांनी जातात; पण या वाटांच्या भिंतींवर जाहिरातींची फाटकी पत्रके आणि पिचकाऱ्यांचे डाग यांपलीकडे पाहण्यासारखे काही नसते. कोपऱ्यात कोणी थुंकू नये म्हणून देवांच्या प्रतिमांच्या टाइल्स लावण्याची पद्धत आपल्याकडे पडली आहे. तो भिंत वाचवण्याचा उपाय झाला. त्या भिंतीला काही सांगता येईल, असा विचार त्यात नाही.

असा विचार इतरत्र झालेला आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे कडाक्याच्या थंडीमुळे लोक इमारतींना जोडणाऱ्या बंदिस्त भुयारी मार्गांनी चालतात. १९६२ मध्ये एका उंच इमारतीच्या तळघरातून सुरू झालेले हे जाळे आज ३० किलोमीटरहून अधिक पसरले असून २००९ पासून तेथे दरवर्षी भूमिगत कलेचा महोत्सव भरतो. स्टॉकहोमच्या भुयारी रेल्वेत १९५७ पासून कलाकृती आहेत आणि तिच्या १०० स्थानकांपैकी ९० हून अधिक स्थानकांवर त्या पाहायला मिळतात. तेथील मध्यवर्ती स्थानकात पेर ओलोफ उल्टवेट यांनी १९७५ मध्ये खडकाच्या छतावर निळ्या वेली रंगवल्या आणि त्यांच्या जोडीने ते स्थानक ज्यांनी उभारले त्या कामगारांच्या आकृत्याही चितारल्या. ही गोष्ट मला विशेष भावते, कारण भुसावळसारखे रेल्वेवर वाढलेले गाव त्या जागी असते, तर भिंतीवर प्रथम गँगमन आणि हमालच दिसायला हवे होते. परदेश दूरचा वाटत असेल तर विदर्भाकडे पाहावे. चंद्रपूर आणि बल्लारशाह ही स्थानके ताडोबाच्या वन्यजीवांच्या चित्रांनी सजली आणि २०१८ मध्ये रेल्वे मंत्रालयाच्या स्थानक सुशोभीकरण स्पर्धेत त्यांना पहिला क्रमांक मिळाला.

मी आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. काही वर्षांपूर्वी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसलेल्या माझ्या मुलांनी सुट्टीत एका बोगद्याची भिंत रंगवली होती. पहिल्याच पावसाळ्यात भिंतीला ओल धरली, लोणा फुटला आणि रंगाचे पोपडे निघाले. पुढे दिवाळीच्या आधी संबंधित कार्यालयाने उरल्यासुरल्या चित्रावर पांढरा रंग फिरवला आणि आम्हाला ते कळवलेसुद्धा नाही. मुले फार हिरमुसली. त्या प्रसंगात माझीही चूक होती, कारण गळक्या भिंतीवर रंग टिकणार नाही हे शिक्षक म्हणून मला आधी कळायला हवे होते. हौसेने एका दिवसात रंगवून घेतलेली भिंत म्हणजे सार्वजनिक कला नव्हे, हे मी तेव्हा शिकलो.

खरे तर याचा वस्तुपाठ आपल्यापासून अवघ्या साठेक किलोमीटरवर आहे. अजिंठ्याच्या चित्रकारांनी आधी भिंत तयार केली. मातीत भुसा आणि वनस्पतींचे तंतू मिसळून खडकावर गिलावा दिला, त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवला आणि तो वाळल्यावर चित्रे काढली. पाणी झिरपले तेथे तीही गळून पडली. आपल्या बोगद्यांतही आधी गळती थांबवावी, पाण्याचा निचरा करावा, पुरेसे दिवे लावावेत आणि मगच चित्राला हात घालावा. जेथे ओल हटतच नाही, तेथे रंगाऐवजी भाजलेल्या टाइल्सचे मोझेक करावे किंवा भिंतीपासून थोडे अंतर सोडून वेगळे फलक बसवावेत. दादऱ्यावर आणि संकुलांच्या व्हरांड्यांत ही अडचण कमी असल्याने सुरुवात तेथून करता येईल.

विषयांची आपल्याकडे वाण नाही. आखाजीचे (अक्षय्य तृतीयेचे) झोके, काठी गावच्या होळीतील मोरपिसांचे टोप, सारंगखेड्याच्या यात्रेतील घोडे, रावेर-यावलच्या केळीच्या बागा, जिनिंगमधला कापूस, तापीचे पात्र यांतले काहीही भिंतीवर आले तरी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते आपले वाटेल. मात्र सातपुड्यातील आदिवासींची चित्रे असतील, तर ती त्यांच्याच कलावंतांनी काढलेली असावीत; शहरातल्या रंगाऱ्याने केलेली नक्कल नको. चाळीसगावला तर रेल्वे स्थानकाजवळच कलामहर्षी केकी मूस यांनी आपले कलाजीवन घालवले. त्यांच्या छायाचित्रांच्या टिकाऊ प्रती तेथील दादऱ्यावर संबंधितांच्या संमतीने लावल्या, तर हजारो प्रवाशांना त्यांची ओळख होईल.

अमृत भारत स्थानक योजनेतून ठिकठिकाणी रुंद पादचारी पूल बांधले जात आहेत. काम पूर्ण झाल्यावर उरलेल्या पैशांतून रंगरंगोटी करण्याऐवजी आराखड्यातच कलेसाठी जागा आणि निधी ठेवावा. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने १९५९ मध्ये बांधकाम खर्चातील एक टक्का कलेसाठी राखण्याची पद्धत सुरू केली. आपल्या महापालिकांना आणि रेल्वेच्या भुसावळ विभागाला असा नियम करणे अवघड नाही. कलावंताला कामाचा योग्य मोबदला मिळावा, चित्राखाली त्याचे नाव असावे आणि देखभालीची जबाबदारी कोणाची हे करारातच लिहिलेले असावे. त्या भिंतीवर पत्रके चिकटवण्यास बंदी असावी आणि ती राजकीय फलकांनाही लागू असावी, कारण चांगली रंगवलेली भिंत सर्वांत आधी त्यांच्याच खाली झाकली जाते.

प्रशासनाने एक बोगदा किंवा एक दादरा निश्चित करून दिल्यास भिंतीची पाहणी करण्यापासून मुलांना टाइल्स रंगवायला शिकवण्यापर्यंतचे काम विनामोबदला करण्याची माझी तयारी आहे. पावसाळा संपल्यावर भिंती वाळतात, त्यामुळे येत्या कार्तिकात सुरुवात करता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
जळगाव