तीन महिने थांबू नकोस

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

तुझा रिपोर्ट बघितला. एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या रक्तातल्या साखरेची सरासरी, 8.4. खाली तुझी ओळ, "आई, मला काहीच त्रास नाही, गोळ्यांचं तीन महिन्यांनी बघू." फोनवर आपण दोघी आवाज चढवू, म्हणून लिहितेय.

त्रास नाही, कारण जे चाललंय ते दुखत नाही. मी नोकरीभर मिरजेच्या लॅबमध्ये लिशमन स्टेनच्या, म्हणजे रंग देऊन तयार केलेल्या रक्ताच्या स्लाइडी बघितल्या. जांभळ्या केंद्रकाच्या, तीन-चार पाकळ्या पडलेल्या न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मोजायच्या न् आकडा लिहायचा. शुगरवाल्याची पेशी दिसायला तशीच असते. वागणं बदललेलं असतं. स्नायूंना साखर आत घ्यायला इन्सुलिन लागतं, या पांढऱ्या पेशींना फारसं लागत नाही. रक्तात साखर वाढली की त्यांच्या आतही वाढते. मग मोनोसाइट, मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतू नसतानाही टीएनएफ, इंटरल्यूकिन-6 अशी दाह वाढवणारी रसायनं सोडत बसतात. टीएनएफ पुन्हा इन्सुलिनच्याच कामात खोडा घालतो, की साखर आणखी वर. आणि खरा जंतू आला की याच पेशी ढिल्या पडतात. चोर नसताना रात्रभर शिट्ट्या मारणारा आणि चोर आल्यावर पेंगणारा गुरखा, तसलं काम.

आपल्या शुगरवाल्या बाबांची टाच तू बघितलीयस. मळ्यात बाभळीचा काटा मोडला, सुईने काढला, एवढंच. पण पट्टी सोडली की रोज तेच: कडा पांढुरक्या, जाड, मधे पिवळट चिकट थर. न्यूट्रोफिल मरताना स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकते, जंतू अडकवायला. हे 2004 साली बर्लिनच्या संशोधकांनी दाखवलं, आमच्या डीएमएलटीच्या, लॅब टेक्निशियनच्या कोर्सच्या वह्यांत कुठून असणार? पुढे 2015 मध्ये बॉस्टनच्या गटाला दिसलं की मधुमेही माणसाच्या पेशी ही जाळी फार पटकन फेकतात, आणि उंदरांत तरी त्या जाळ्यांनीच जखम भरायची लांबते. बाबांचं सगळं त्यावरच ढकलत नाही मी. पायाला बधिरपणा होता, रक्तपुरवठाही कमी. पण तो थर पुसताना मला ती जाळीच दिसायची.

आता तुझ्या "नंतर बघू"चं. 2021 च्या एका कामात मधुमेही उंदरांच्या अस्थिमज्जेतून मॅक्रोफेज वाढवल्या आणि नेहमीच्या साखरेत ठेवल्या, तरी त्या चिडक्याच राहिल्या. साखर खाली आली म्हणून पेशी लगेच विसरत नाही. माणसांतलं उदाहरण ब्रिटनचं. टाइप 2 मधुमेह नुकताच निघालेल्यांवर तिथे 1977 पासून वीस वर्षं एक अभ्यास चालला, त्यात काहींची साखर कडक आवळली, बाकीच्यांना नेहमीचे उपचार. अभ्यास संपल्यावर वर्षभरात दोन्ही गटांचे एचबीएवनसी सारखे झाले. तरी आणखी दहा वर्षांनी, 2008 मध्ये पाहिलं तेव्हा ज्यांनी सुरुवातीला आवळली होती त्यांच्यात हार्ट अटॅक कमी होते. त्याचं श्रेय एकट्या पांढऱ्या पेशींना देता येत नाही, पण सुरुवातीची वर्षं कामाला येतात एवढं नक्की. तुझी ती वर्षं आत्ता चालू आहेत, आणि तू त्यातलेच तीन महिने सोडायला निघालीस.

आत्या तुला हळदीचं पाणी सांगेल. अगं, हळदीच्या पेठेच्या गावात जन्म गेला माझा, भाजीत चमचाभर घालतेच. पण त्यातलं कर्क्युमिन पोटातून रक्तात नीट उतरतच नाही. मेटफॉर्मिनच्या, म्हणजे तुझ्या शुगरच्या गोळीच्या जागी हळद चालत नाही.

ब्रश करताना रक्त येतं म्हणाली होतीस ना? ते आधी दाखव. हिरड्यांचा दाह साखर वाढवतो आणि साखर हिरड्या बिघडवते. या आठवड्यात डेंटिस्टची वेळ घे, आणि डॉक्टरांनी लिहिलेली गोळी त्यांना न विचारता पुढे ढकलू नकोस. सुरुवातीला पोट बिघडलं तर त्यांनाच सांग, जेवणाबरोबर घेतली की बहुतेकांना सोसते. एचबीएवनसी तीन महिन्यांनी परत कर, लाल पेशी साधारण 120 दिवस जगते म्हणून त्याआधी फरक पुरता दिसत नाही.

तासगावचे बेदाणे या वेळी पाठवत नाही, रुसू नकोस. डब्यात शेंगदाण्याची चटणी आहे आणि बाबांनी ज्वारीचं पीठ दिलंय. ते पीठ पुण्याच्या दमट हवेत लवकर कडवट होतं, आधी संपव.

तुझी,
आई